बंद फ्लास्कमधल्या हवेवरून निरपेक्ष शून्य काढताना उत्तर उणे ७९ अंश का येतंय?

शंकुपात्र (प्रश्न)

नमस्कार. स्थिर आकारमानात हवा तापवून दाब मोजायचा, तापमान-दाब आलेख काढायचा आणि रेष मागे वाढवून दाब शून्य कुठे होतो ते पाहायचं, हा नेहमीचा प्रयोग आहे. तेच निरपेक्ष शून्य, उत्तर उणे २७३ °से च्या आसपास यायला हवं. मांडणी अशी: २५० मिलीचा गोल बुडाचा बोरोसिलिकेट फ्लास्क, एका भोकाचं रबरी बूच, भोकातून काचेची नळी, तिला ३० सेंमी लांबीची जाड भिंतीची रबरी नळी (आतला व्यास ४ मिमी), आणि टोकाला निर्वातापासून दाब मोजणारा डिजिटल सेन्सर. फ्लास्क मानेपर्यंत पाण्यात बुडवलेला. धुऊन, उपडा ठेवून, नीट निथळवून घेतला होता. २५ °से ला बूच बसवलं, आधी बर्फ घालून खाली नेलं, मग तापवत वर.

वाचनं: ५ °से ला ९२.६ किलोपास्कल, २५ ला १०१.३, ४५ ला ११४.०, ६५ ला १३६.५, ८५ ला १७५.२.

या पाच बिंदूंमधून सरळ रेष बसवली तर ती तापमानाचा अक्ष उणे ७९ °से ला छेदते. शिवाय बिंदू सरळ रेषेत नाहीतच, वर जाताना वाकतात. गळती आहे, सेन्सर बिघडलाय, की हवा आदर्श वायूसारखी वागत नाहीये?

बाष्पदाब

तिन्हींपैकी काहीच नाही. फ्लास्कमध्ये पाणी आहे.

आधी गळतीचा मुद्दा बाजूला करू. तापवताना आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त, म्हणजे गळती असेल तर हवा बाहेर जाणार आणि वरची वाचनं कमी येणार. तुमची जास्त येतायत. हवेचं अनादर्श वागणंही नाही: वातावरणाच्या दाबाला आणि या तापमानांना हवा आदर्श वायूच्या नियमापासून हजारात एक भागसुद्धा ढळत नाही. सेन्सर सरसकट चुकत असता तर रेष सरकली असती, अशी वाकली नसती.

आता वाचनं नीट बघा. ५ ते २५ मध्ये दाब ८.७ ने वाढला, २५ ते ४५ मध्ये १२.७ ने, पुढे २२.५ आणि शेवटी ३८.७ ने. कोरड्या हवेत दर २० अंशांना साधारण ६.६ ते ६.८ किलोपास्कल वाढ हवी, आणि प्रत्येक टप्प्यात तेवढीच. तुमची वाढ दर टप्प्याला फुगत जातेय. असं फुगत जाणं ही पाण्याच्या बाष्पदाबाची खूण आहे. संपृक्त बाष्पदाब (म्हणजे द्रव पाण्याला लागून असलेली वाफ त्या तापमानाला जास्तीत जास्त जेवढा दाब देते तो) ५ °से ला ०.८७ किलोपास्कल असतो, २५ ला ३.१७, ४५ ला ९.६, ६५ ला २५.० आणि ८५ ला ५७.८. वायूचा दाब केल्विन तापमानाच्या प्रमाणात वाढतो, पण द्रवाला लागून असलेल्या वाफेचा दाब त्याहून कितीतरी वेगानं चढतो, कारण तापमान वाढतं तसे पाण्यातून नवे रेणू वाफेत येतच राहतात. म्हणजे फ्लास्कमधल्या वायूची मात्राच बदलतेय, आणि हा प्रयोग ती कायम आहे असं गृहीत धरतो.

तुमच्याच आकड्यांतून हे वजा करून पाहू. उरतात ९१.७, ९८.१, १०४.४, १११.५ आणि ११७.४. फरक ६.४, ६.३, ७.१, ५.९. रेष सरळ झाली. ती मागे वाढवली तर उणे २७८ °से ला छेदते. उणे ७९ वरून उणे २७८ वर आलो ते फक्त पाणी हिशेबात धरून.

"निथळून घेतला होता, मग एवढं पाणी कुठून आलं?" असा प्रश्न पडेल. २५० मिली जागा ८५ °से ला वाफेनं पूर्ण संपृक्त करायला ०.०९ ग्रॅमच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे जेमतेम दोन थेंब. काचेला चिकटलेला, डोळ्याला न दिसणारा ओलावा आणि बुचाच्या कडेला अडकलेला एखादा थेंब एवढ्यानंच काम होतं. खात्री करायची असेल तर फ्लास्क गरम असताना रबरी नळी काढून तिच्या तोंडातून आत बघा. नळी खोलीच्या तापमानाला असते, त्यामुळे फ्लास्ककडच्या टोकाला आतून दव जमलेलं दिसेल.

एक धोका सांगून ठेवतो. बरेच जण "वरचे बिंदू बिघडलेत" म्हणून ते टाकून देतात आणि खालच्या तीन बिंदूंवर रेष बसवतात. तसं केलंत तर उत्तर उणे १६७ येईल. रेष बऱ्यापैकी सरळ दिसेल, म्हणून विश्वासही बसेल, आणि तरी ते शंभराहून जास्त अंशांनी चूक असेल.

काचकाम

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. उरलेला फरक, म्हणजे उणे २७८ आणि उणे २७३ यांच्यामधला, तोही शोधण्यासारखा आहे.

३० सेंमी लांब आणि ४ मिमी आतल्या व्यासाच्या नळीत ३.८ मिली हवा मावते. फ्लास्क बुचापर्यंत साधारण २५५ मिली धरला तर ही दीड टक्का हवा तापतच नाही, खोलीच्या तापमानालाच राहते. फ्लास्क तापला की थोडी हवा या गार कोपऱ्यात सरकते आणि दाब हवा तेवढा चढत नाही. रेषेचा चढ कमी झाला की छेदबिंदू आणखी खाली जातो. दीड टक्का मृत (न तापणाऱ्या) जागेमुळे सुमारे ५ अंश, तीन टक्क्यांमुळे सुमारे १० अंश, असं ढोबळ गणित डोक्यात ठेवा.

दुरुस्ती सोपी आहे. फ्लास्कचं आकारमान V, नळीचं v, खोलीचं केल्विन तापमान T₀ आणि फ्लास्कचं T. प्रत्येक दाबाला (१ + (v/V) × (T/T₀)) ने गुणा आणि मग आलेख काढा. तुमच्या वाफ वजा केलेल्या आकड्यांवर हे केलं तर छेदबिंदू उणे २७३ च्या अगदी जवळ येतो. इतका जवळ येणं थोडं नशिबाचं आहे हे लक्षात ठेवा. पाणी असताना गार नळीत वाफेचं पाणी होत राहतं, म्हणून वजाबाकी करून आलेला आकडा निदान म्हणून ठीक, मोजमाप म्हणून नाही. प्रयोग कोरड्या फ्लास्कनं पुन्हा करा, आणि नळी १० सेंमीपेक्षा लांब ठेवू नका. लांब नळी आडवीतिडवी वळवता येते, एवढाच तिचा फायदा.

कोरडं कसं करायचं: फ्लास्क, काचनळी आणि जोडणीची रबरी नळी वेगवेगळी करा. काच ११० °से च्या ओव्हनमध्ये अर्धा तास, उघड्या तोंडानं, आडवी ठेवा. बाहेर काढल्यावर फ्लास्क उघडा ठेवून गार करू नका. तोंडाला निर्जल कॅल्शियम क्लोराईड भरलेली नळी लावून गार होऊ द्या, म्हणजे आत ओढली जाणारी हवा वाळूनच येईल. रबर ओव्हनमध्ये नको, त्यातून सिलिका जेलवरून आलेली हवा पाच-दहा मिनिटं पंपानं फिरवा. तोंडानं फुंकून वाळवू नका, उच्छ्वास जवळजवळ संपृक्तच असतो. ॲसिटोननं धुऊन लवकर वाळतं खरं, पण त्याचा अंश राहिला तर पाण्यापेक्षा वाईट, कारण ॲसिटोन ५६ °से लाच उकळतो. शिवाय तो ज्वालाग्राही आहे. ॲसिटोन वापरलेला फ्लास्क ओव्हनमध्ये किंवा बर्नरजवळ नेऊ नका.

बुचाबद्दल. २५ मिमी व्यासाच्या तोंडावर ७४ किलोपास्कल जादा दाब म्हणजे सुमारे ३६ न्यूटन, बुचाखालून पावणेचार किलोचा जोर. बूच टिकलं हे बरं झालं. कोरड्या हवेनं ८५ °से ला जादा दाब २० किलोपास्कलच्या आसपास राहील, म्हणजे एक किलोचा जोर. तरीही बूच तारेनं किंवा क्लॅम्पनं बांधा, चष्मा घाला, आणि तडा किंवा ताऱ्यासारखी चीर पडलेला फ्लास्क वापरू नका.

पारदस्तंभ

पाण्यानं या प्रयोगात भल्याभल्यांना गंडवलंय, म्हणून थोडा इतिहास.

फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसॅकनं १८०२ मध्ये वायूंच्या प्रसरणावरचं काम प्रसिद्ध केलं. त्याच्या आधीच्या संशोधकांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते, आणि त्याचं कारण त्यानं नेमकं हेच दिलं: त्यांच्या पात्रांत पाणी राहिलेलं होतं. त्यानं स्वतः वायू वाळवून घेतले आणि ० ते १०० °से मध्ये आकारमान मूळच्या ०.३७५ पट वाढतं असं मांडलं. हा आकडा धरला तर शून्य बिंदू उणे २६६.७ °से ला येतो. तीसेक वर्षं हाच आकडा प्रमाण मानला जात होता. १८३७ मध्ये स्वीडनच्या रुडबर्गनं कॅल्शियम क्लोराईडनं काटेकोरपणे वाळवलेल्या हवेवर मोजमाप केलं आणि त्याला सुमारे ०.३६५ मिळालं. पुढच्या काही वर्षांत जर्मनीचा माग्नुस आणि फ्रान्सचा रेन्यो यांनी स्वतंत्रपणे ०.३६६५ पर्यंत आणलं, म्हणजे उणे २७२.८. ज्यानं इतरांच्या पात्रांतलं पाणी ओळखलं, त्याच्याही आकड्याची चूक त्याच दिशेला होती. तुमच्या आलेखात तीच चूक मोठी होऊन दिसतेय.

वायू बदलून पाहायचा विचार असेल तर कार्बन डायऑक्साईड वातावरणाच्या दाबाला हवेपेक्षा किंचित जास्त प्रसरण पावतो. रेन्योचा स्थिर दाबाचा आकडा ०.३७१ होता. तो फरक खरा आहे, कारण या वायूचे रेणू एकमेकांना जास्त ओढतात आणि गार असताना वायू आदर्शापेक्षा थोडा आकसलेला असतो. पण शाळा-कॉलेजच्या उपकरणावर तो फरक दाखवता येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

शंकुपात्र

नळीत आतून दव दिसलं, फ्लास्ककडच्या टोकालाच. आता मुद्दा पटला, मनापासून आभार.

तीन गोष्टी विचारतो. एक, ओव्हनमध्ये वाळवल्यावर खोलीतली साधी हवा आत गेली तर चालेल का? खोलीत आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास असते. दोन, बूच उडायचा धोका टाळून हा प्रयोग करता येईल का? तीन, सेन्सर एकच आहे. दुसऱ्या संचाला साधा डायलचा दाबमापक किंवा २० मिलीची काचेची सिरिंज वापरता येईल का?

बाष्पदाब

आर्द्र हवा चालेल, पण फक्त तापवण्याच्या दिशेनं. २५ °से ला ६० टक्के आर्द्रता म्हणजे वाफेचा दाब १.९ किलोपास्कल. द्रव पाणी शिल्लक नसेल तर ही वाफ तापताना इतर वायूंसारखीच वागते, तिची मात्रा बदलत नाही, आलेख सरळच राहतो. अडचण खाली जाताना येते. ही हवा साधारण १७ °से ला दवबिंदू गाठते, म्हणजे तिथून खाली वाफेचं पाणी होऊ लागतं, आणि ५ °से ला निम्म्या वाफेचं पाणी झालेलं असतं. तिथे दाब सुमारे ०.९ किलोपास्कलनं कमी येतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण रेषेच्या टोकाचा बिंदू असल्यामुळे तो एकटा छेदबिंदू ८-९ अंशांनी वर ओढतो. तर एकतर बर्फाचं वाचन सोडून २५ पासून वर जा, किंवा हवा कोरडीच भरा. मी कोरडी भरेन, कारण बर्फाचा बिंदू हातचा जाऊ देण्यासारखा नाही.

बुचाचा धोका टाळायचा तर फ्लास्क गरम असताना बंद करा. मांडणीत एवढाच बदल: नळीत एक टी-जोड घाला. एक फाटा सेन्सरला, दुसऱ्या फाट्याला चिमटा आणि पुढे कॅल्शियम क्लोराईडची नळी. चिमटा उघडा ठेवून फ्लास्क ८५ °से पर्यंत न्या, दहा मिनिटं थांबा, सेन्सर बाहेरचा दाब दाखवतोय ना ते बघा, आणि मग चिमटा बंद करा. पाण्याच्या भांड्यावर झाकण हवं, नाहीतर जोडण्यांवर वाफ साचते. आता गार करत जा. ५ °से ला आतला दाब साधारण ७९ किलोपास्कल होईल, म्हणजे बाहेरचीच हवा बूच आत दाबून धरेल आणि ते आणखी घट्ट बसेल. इथे फ्लास्क गोल बुडाचाच हवा. सपाट बुडाचा शंकूच्या आकाराचा फ्लास्क आतून कमी दाब झाला की आत फुटू शकतो.

या दिशेनं गळतीची खूणही उलटी होते, हे विसरू नका. हवा आत येणार आणि गार टोकाची वाचनं जास्त येणार.

काचकाम

डायलच्या दाबमापकाबद्दल. तो बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त एवढंच दाखवतो. त्याच्या वाचनाचाच आलेख काढला तर "शून्य दाब" तुम्ही जिथे बूच लावलंत त्या तापमानालाच येईल. प्रत्येक वाचनात बाहेरचा खरा दाब मिळवायला हवा. हवामानाच्या बातम्यांत देतात तो दाब समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो, तो इथे चालत नाही. समुद्रसपाटीपासून ५०० मीटर उंचीवर खरा दाब सुमारे ९५.५ किलोपास्कल असतो. तिथे १०१.३ मिळवलात तर छेदबिंदू जवळपास १७-१८ अंशांनी चुकेल, आणि आलेख मात्र सुरेख सरळ दिसेल. तुमच्याकडे सेन्सर आहे, तर त्याच दिवशी तो उघडा ठेवून बाहेरचा दाब त्यावरच वाचा. गार करत मोजण्याची पद्धत डायलवर करायची असेल तर निर्वाताची बाजू दाखवणारा दाबमापक लागेल. साधा डायल शून्याच्या खाली सरकत नाही.

डायलची आतली पोकळ नळी आणि जोडणी यांत काही मिली हवा असते, ती मृत जागेत धरा.

सिरिंजला माझी नापसंती आहे, पण करायचीच तर काचेचीच घ्या. प्लॅस्टिकच्या सिरिंजमधला रबरी दट्ट्या अडकतो. २० मिमी आतल्या व्यासाच्या सिरिंजमध्ये दट्ट्याचं घर्षण नुसतं ३ न्यूटन असलं तरी आतला दाब बाहेरच्यापेक्षा १० किलोपास्कलनं वेगळा राहू शकतो, म्हणजे आकारमानात दहा टक्के चूक. प्रत्येक वाचनाआधी दट्ट्या दोन बोटांत धरून हलकेच गोल फिरवा, वर-खाली ढकलू नका. तो स्वतःहून जिथे थांबेल ते आकारमान लिहा. सिरिंज आडवी ठेवा, म्हणजे दट्ट्याचं वजन मध्ये येत नाही.

त्यापेक्षा केशनलिका बरी. १ मिमी छिद्राची, एका टोकाला वितळवून बंद केलेली, आत तेलाचा छोटा थेंब अडकवून खाली हवेचा स्तंभ. ० °से ला स्तंभ १०० मिमी असेल तर १०० °से ला १३६.६ मिमी व्हायला हवा. जुन्या संचांत या थेंबासाठी तीव्र सल्फ्युरिक आम्ल वापरत, कारण ते हवा वाळवतंही. विद्यार्थ्यांच्या हातात ते देऊ नका. तेल वापरा आणि नलिका आधीच वाळवून घ्या. थेंब दुभंगला तर ती नलिका बाजूला ठेवा, दोन थेंबांमधली हवा वेगळीच तापत राहते.

पारदस्तंभ

तापमानाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. तापमापी पाण्याचं तापमान सांगतो, फ्लास्कमधल्या हवेचं नाही. पाणी तापत असताना हवा त्याच्यापेक्षा दोन-तीन अंश गार असते, पाणी गार होताना तेवढीच जास्त गरम. न ढवळलेल्या भांड्यात वरचं आणि तळाचं पाणी यांत पाच अंशांचाही फरक पडतो. ज्योत किंवा हीटर बंद करा, ढवळा, आणि सेन्सरचा आकडा दोन मिनिटं हलला नाही की मगच लिहा. तापमापीचा फुगा फ्लास्कच्या मध्याच्या उंचीला ठेवा, तळाला टेकवू नका.

शक्य असेल तर वर जाताना आणि खाली येताना, दोन्ही वेळा वाचनं घ्या. दोन्ही रेषा समांतर पण थोड्या अंतरावर आल्या तर घाई झाली, हवा पाण्याच्या तापमानाला पोचली नव्हती. २५ °से ला परत आल्यावर दाब सुरुवातीपेक्षा कमी किंवा जास्त दिसला तर गळती. बाकी कशासाठीही वेळ नसेल तरी हे शेवटचं वाचन घ्याच.

काचेच्या प्रसरणाची काळजी नको. बोरोसिलिकेटचं आकारमान दर अंशाला एक लाखांश वाढतं, हवेचं त्याच्या साडेतीनशे पट. छेदबिंदूत जेमतेम एका अंशाचा फरक पडतो.

शेवटी उत्तर लिहिताना. तुमची वाचनं ८० अंशांच्या पट्ट्यात आहेत आणि रेष त्याच्या साडेतीन पट लांब मागे न्यायची आहे. त्या पट्ट्यात दाब सुमारे २७ किलोपास्कलनंच बदलतो. एका टोकाला १ किलोपास्कल चूक झाली की चढ जवळजवळ चार टक्के बदलतो आणि छेदबिंदू दहा-बारा अंश इकडेतिकडे होतो. उत्तर ५ अंशांच्या आत हवं असेल तर दाब ०.३ किलोपास्कलपर्यंत खात्रीचा हवा, आणि दोन्ही टोकांचे बिंदू प्रत्येकी तीनदा घेतलेले हवेत. मधल्या बिंदूंवर तेवढा वेळ घालवू नका. ते रेष सरळ आहे की वाकलीय एवढं सांगतात.